कुडा लेणी : शिवमाच्या घरातली माणसे

कोकणातल्या कुठल्याही गावात जा, डोंगरातल्या लेण्यांकडे बोट दाखवा आणि विचारा, ही कोणी केली? उत्तर ठरलेले. पांडवांनी! कोणी जरा जास्त माहितगार भेटला तर सांगेल की एका रात्रीत कोरायला घेतली, कोंबडा आरवला आणि काम अर्धवट राहिले. आपल्या आजी-आजोबांनी हेच ऐकले. गिरणीत, गोदीत, रेल्वेत कामाला मुंबईला आले तेव्हा वळकटीबरोबर हीच गोष्ट घेऊन आले. मालाडला कुरार, आप्पापाडा, मालवणी या भागात राहणारी आपली बरीच कुटुंबे रायगड-रत्नागिरीकडची. गावी गेल्यावर अजूनही म्हातारी माणसे लेण्यांना पांडवलेणीच म्हणतात. त्यांचा दोष नाही. त्यांना दुसरे कोणी काही सांगितलेच नाही.

धम्मबंधू-भगिनींनो, लेणी कोणी केली हे विचारायला कोणाच्या दारात जायची गरज नाही. ते दगडावरच लिहून ठेवले आहे. रायगड जिल्ह्यात तळा तालुक्यात, राजपुरीच्या खाडीवर कुडा नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या डोंगरात २६ लेणी आहेत. त्यातल्या शिलालेखांत पांडवांचे नाव कुठेही नाही. नावे आहेत ती माळ्याची, वैद्याची, लोखंडाच्या व्यापाऱ्याची, कारकुनाची आणि त्यांच्या बायका-मुलींची. आपल्या विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही त्याच लेण्यांविषयी लिहिणार आहोत.

कोणी म्हणेल, मालाडच्या माणसांना कान्हेरी एवढी जवळ असताना कुड्याला कशाला जायचे? आप्पापाड्याच्या मागचा डोंगर चढला की राष्ट्रीय उद्यानाचे जंगल सुरू होते आणि त्याच जंगलात कान्हेरी आहे. शंभराहून अधिक लेणी. ती आपण पाहिली आहेत, मुलांच्या सहली नेल्या आहेत. अंधेरीची कोंडिवटे म्हणजे महाकाली लेणी पाहिली, बोरिवलीचे मागाठाणे पाहिले. पण मुंबईत बघताना गर्दी फार. कुड्याला तसे नाही. तिथे समोर खाडी, मागे डोंगर आणि मध्ये लेणी. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खूंनी इथेच का राहायचे ठरवले, हे तिथे उभे राहिले की न सांगता कळते.

आम्ही २०२४ च्या जानेवारीत एका रविवारी गेलो. पहाटे ५ वाजता बस सुटली. पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड करत इंदापूरला आलो. (हे कोकणातले इंदापूर, पुण्याकडचे नव्हे.) तिथे गोवा रस्ता सोडून उजवीकडे तळ्याच्या बाजूला वळायचे. तळ्याच्या पुढे रस्ता अरुंद होतो, भातशेती लागते आणि मग अचानक खाडीचे पाणी दिसते. हीच खाडी पुढे मुरुड-जंजिऱ्यापाशी समुद्राला मिळते. जवळच मांदाड गाव आहे. आज मांदाडला कोणी मोठे गाव म्हणणार नाही. पण इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक दर्यावर्दी व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरील बंदरांची जी यादी लिहून ठेवली, 'पेरिप्लस' नावाने ती प्रसिद्ध आहे, तिच्यात कल्याण, चेऊल यांच्या पुढे 'मंदगोरा' नावाचे बंदर येते. ते म्हणजे हे मांदाड, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. लेण्यांतही या भागाच्या सत्ताधीशांना 'महाभोज मंदव' म्हटले आहे. नावांचा मेळ लक्षात घेण्यासारखा आहे.

बंदर म्हटले की व्यापारी आले, तांडे आले, घाटावरून माल आला. व्यापारी प्रवासाला निघाला की त्याला वाटेत निवारा हवा, चार धीराचे शब्द हवेत. भिक्खूंना भिक्षेसाठी वस्ती जवळ हवी, पण ध्यानाला गोंगाट नको. वर्षावासाचे तीन महिने तर कुठेतरी एका जागी राहायलाच हवे, आणि कोकणातला पाऊस काय असतो ते आम्ही तुम्हांला सांगायला नको. तेव्हा बंदरापासून हाकेच्या अंतरावर, पण डोंगरात वर, अशी जागा निवडली गेली.

लेणी दोन रांगांत आहेत. खाली १ ते १५ आणि त्यांच्या वरच्या अंगाला १६ ते २६. बहुतेक लेणी साधी आहेत. पुढे ओसरी, आत खोली, खोलीत झोपायला दगडी ओटा. झाले. टाकीचे घाव अजून भिंतीवर मोजता येतात. आमच्याबरोबर एक काका होते, त्यांचे आयुष्य बांधकामावर गेले. ते घावांवरून बोट फिरवत म्हणाले, "काम वरून खाली आलंय. आधी छत, मग भिंती, मग जमीन. परांचीचा खर्चच नाही." अभ्यासकही लेणी कोरण्याची पद्धत अशीच सांगतात. पण पुस्तकात वाचणे वेगळे आणि ज्याने हातात छिन्नी धरली त्याच्या तोंडून ऐकणे वेगळे.

पाच लेण्यांत स्तूप आहे, म्हणजे ती चैत्यगृहे. कार्ल्यासारखे कमानीचे उंच छत इथे नाही. सपाट छताचा मंडप आणि त्याच्या मागे खोलीत स्तूप अशी मांडणी आहे. त्यांत ६ व्या क्रमांकाचे लेणे सर्वांत मोठे. पायऱ्यांशी दगडात कोरलेले हत्ती, आत मंडप, आणि मागच्या भिंतीवर, स्तूपाकडे जाणाऱ्या वाटेच्या दोन्ही अंगांना स्त्री-पुरुषांची जोडपी. हत्तींची बरीच पडझड झाली आहे. जोडपी मात्र टिकून आहेत. महिला मंडळाच्या भगिनी त्यांच्यासमोरून हलेनात. डोक्याची बांधणी, हातभर बांगड्या, पायातले वाळे यांवर बराच वेळ चर्चा झाली आणि त्यात आम्हा पुरुषांचे कोणी ऐकून घेतले नाही.

आता याच लेण्यातला शिलालेख. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत, काळ साधारण इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक. लेख सांगतो ते असे. महाभोजी साडगेरी विजया हिचा पुत्र महाभोज मंदव खंदपालित. त्याच्या पदरी असलेले, सुलसदत्त आणि उत्तरदत्ता यांचे मुलगे. त्यांतला थोरला शिवभूती हा लेखक. त्याचा धाकटा भाऊ शिवम. या शिवमाने, पत्नी विजयेसह, हे लेणे दान दिले. त्याचे मुलगे सुलसदत्त, शिवपालित, शिवदत्त आणि सपिल यांच्या नावे 'सेलरूपकंम', म्हणजे शैलरूपकर्म, दगडातले कोरीवकाम. आणि मुली सपा, शिवपालिता, शिवदत्ता आणि सुलसदत्ता यांच्या नावे 'थंभा', म्हणजे खांब.

हा लेख आम्ही तिथे उभे राहून मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा मंडपात एकदम शांतता झाली. अहो, ही तर आपल्या विहाराच्या दर्शनी भिंतीवरची पाटी! अमक्याच्या स्मरणार्थ पंखा, तमक्या कुटुंबाकडून फरशी, अमक्या भगिनीकडून पाण्याची टाकी. फरक एवढाच की आपली पाटी संगमरवरी आणि त्यांची अख्खी डोंगराची भिंत.

थोडे थांबून या घराकडे बघू या. 'लेखक' म्हणजे कथा-कादंबऱ्या लिहिणारा नव्हे. राज्यकर्त्याच्या पदरी लिखापढी सांभाळणारा, आजच्या भाषेत कारकून. थोरल्या भावाचेही दान इथे आहे. १ क्रमांकाचे लेणे शिवभूतीने पत्नी नंदेसह दिले. म्हणजे दोघे भाऊ, दोन्ही सुना, आठ नातवंडे, सगळ्यांची नावे दगडावर आली. नातवाचे नाव सुलसदत्त, म्हणजे आजोबांचेच. एका नातीचे नावही त्याचेच स्त्रीलिंगी रूप. आजोबांचे नाव नातवाला ठेवायची रीत आपल्याकडे अजून आहे, तिचे वय किती ते बघा. आणि आईचे नाव, उत्तरदत्ता, बापाच्या बरोबरीने आले आहे. महाभोजाची ओळखसुद्धा त्याच्या आईच्या नावाने दिली आहे. सरकारी कागदावर आईचे नाव लिहिण्याचा नियम आपल्याकडे अलीकडे झाला. त्या कारकुनाच्या घरी हे आधीच होते.

नावांत 'शिव' पुष्कळदा येतो, त्यावर आमच्यातल्या एका तरुणाने शंका काढली. शंका रास्त आहे. पण नावावरून माणसाचा धम्म ओळखता येत नाही, तेव्हाही येत नव्हता. लेणे कोणाला दिले यावरून ओळखता येतो.

मागच्या भिंतीवरची जोडपी म्हणजे शिवम आणि विजयाच, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. अशी जोडपी कार्ल्याला आहेत, कान्हेरीलाही आहेत. पण ज्याला शिवमाच्या मुलांनी आपल्या लेखात 'सेलरूपकंम' म्हटले त्या कामात ती मोडत असावीत, असे मानायला हरकत नाही.

या घराखेरीज दुसरी माणसेही भेटतात. वैद्य सोमदेव आहे. तो इसिरखित उपासकाचा मुलगा आणि बापही वैद्यच. त्याने लेणे दिले आणि लेखात मुलगे नाग, इसिरखित, शिवघोष आणि मुली इसिपालिता, पुसा, धम्मा आणि सपा या सर्वांना बरोबर घेतले. इथेही आजोबा इसिरखित, नातू इसिरखित! आणि मुलीचे नाव धम्मा. अठराशे वर्षांनी १९५६ च्या ऑक्टोबरनंतर आपल्या घरांतून मुला-मुलींची जी नवी नावे ठेवली जाऊ लागली, त्यांत ती शोभून दिसते. कऱ्हाकडचा, म्हणजे कऱ्हाडचा, महिक नावाचा लोखंडाचा व्यापारी आहे. सह्याद्री उतरून तो इथे आला आणि लेणे देऊन गेला. माळी आहेत, श्रेष्ठी आहेत, तांडा घेऊन फिरणारा सार्थवाह आहे. आयितिलू नावाच्या ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला हिने तर पूर्ण चैत्यगृह दिले आणि लेखात स्वतःला ब्राह्मणी म्हणवून घेतले. माळी आणि ब्राह्मणी एकाच डोंगरात, एकाच संघाला दान देतात आणि कोणाचा लेख कोणाच्या लेखाला विटाळ करीत नाही.

आम्हांला सर्वांत जास्त बोलायचे आहे ते पदुमनिका या भिक्खुणीविषयी. ती प्रव्रजित, तिची आई नागनिका हीही प्रव्रजित. पातिमित आणि आगिमित या दोन थेरांचे नाते ती अभिमानाने सांगते. तिने एक लेणे दिले आणि एक 'पोढी' दिली. बरोबर तिच्या दोन शिष्या, बोधी आणि असाळ्हमिता. पोढी म्हणजे पाण्याचे टाके, कातळात खोदलेले. पावसाळ्यात भरायचे आणि उन्हाळा काढायचा. कोकणात पाऊस कोसळतो आणि मार्चनंतर बायका हंडा घेऊन मैलभर चालतात, ही आपल्या सर्वांच्या गावची कहाणी. तेव्हा पोढी ही केवढी मोठी देणगी ते सांगायला नको. कुड्याला बऱ्याच लेण्यांच्या दारात अशी टाकी आहेत.

पदुमनिकेची पोढी भिक्खूंसाठी होती, गावासाठी नव्हे, हे खरे. पण भिक्खुसंघात पाणी पिण्यापूर्वी जात विचारली जात नव्हती. आता याच जिल्ह्यात, या डोंगरापासून दिवसभराच्या चालीवर महाड आहे. तिथे २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांना चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्याच वर्षी डिसेंबरात ते दुसऱ्या परिषदेला आले ते समुद्रमार्गे. २४ डिसेंबरला मुंबईहून पद्मावती बोटीने निघाले आणि २५ ला सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदरात उतरले. तिथून पायी महाड. दासगाव सोडून महाडकडे चालू लागले की गावाच्या अलीकडे डोंगरात गांधारपाल्याची लेणी दिसतात. तीही बौद्ध लेणी. तिथला लेख कुमार काणभोज विष्णुपालिताचा आहे, म्हणजे पुन्हा भोजांचेच घराणे. ज्या खोऱ्यात अठराशे वर्षांपूर्वी एक भिक्खुणी पाण्याचे टाके दान देत होती, त्याच खोऱ्याच्या शेजारी आपल्या आजोबांना पाणी नाकारले गेले. मधल्या काळात नेमके काय काय घडले याचा इतिहास लांबलचक आहे आणि तो या पानांत मावणारा नाही. पण मधल्या काळात हे लेख वाचणारा कोणी उरला नव्हता, एवढे नक्की. लेख वाचता येईनासे झाले आणि पांडव आले.

परत वाचले गेले ते एकोणिसाव्या शतकात. ब्राह्मी लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास केला. पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख उतरवून त्यांचा अर्थ लावण्याचे मोठे काम पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी केले. हे जुनागढचे, पण आयुष्य मुंबईत गेले. १८८१ साली जेम्स बर्जेस आणि भगवानलाल यांचे लेण्यांतील शिलालेखांचे पुस्तक निघाले, त्यात कुड्याचे लेख आहेत. पुढच्याच वर्षी भगवानलालांनी सोपाऱ्याचा स्तूप उकरला, तो आपल्यापैकी अनेकांनी नालासोपाऱ्याला जाऊन पाहिला आहेच.

ज्यांच्या लेण्यांत लेखच नाहीत त्यांचे काय होते, तेही सांगतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एडिंबरो शहरासमोरच्या खाडीपलीकडे फाइफ नावाचा भाग आहे. तिथे वीम्स गावाजवळ समुद्राला लागूनच गुहा आहेत आणि त्यांच्या भिंतींवर दीड हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची खोदचित्रे आहेत. जोड वर्तुळे, मासा, प्राणी, एका गुहेत तर वल्ह्यांची होडी. ती ज्यांनी खोदली त्या लोकांना पिक्ट म्हणतात. या खुणांचा अर्थ अजून कोणाला लागलेला नाही. खोदणाऱ्याचे नाव नाही, त्याच्या मुलीचे नाही, काय दिले आणि कोणाला दिले, काहीच नाही. तरीही तिथली माणसे त्या गुहांना किती जपतात! १९८६ साली त्यांतल्या एका गुहेत कोणीतरी मोटार पेटवून दिली. तेव्हा आसपासच्या लोकांनी एकत्र येऊन गुहा वाचवण्यासाठी संस्था काढली. समुद्र किनारा खातो आहे, तरी ही मंडळी पाहुण्यांना गुहा दाखवतात आणि चित्रांची नोंद ठेवतात. न वाचता येणाऱ्या खुणांसाठी एवढे. आपल्याकडे तर नाव-गावासकट सगळे लिहिलेले आहे.

आणि त्यावर आपली पोरे काय करतात? कुड्याला कमी, पण कान्हेरीला जाऊन बघा. खिळ्याने कोरलेली नावे, बाण मारलेले बदाम. शिवमाने नाव कोरले ते लेणे दिल्यावर. यांनी काय दिले? मागाठाण्याची अवस्था तर बघवत नाही. कान्हेरीच्या शिलालेखात मागाठाण्याच्या शेताच्या दानाचा उल्लेख आहे, म्हणजे बोरिवलीचे हे नाव निदान अठराशे वर्षांचे. आज तिथली लेणी वस्तीने वेढली आहेत आणि शिल्पे ओळखू येणार नाहीत इतकी झिजली आहेत. मालाडहून रिक्षाने अर्ध्या तासाची वाट, पण आपल्या वस्तीतल्या किती मुलांना ती ठाऊक आहेत?

कुड्याच्या ६ व्या लेण्यात नंतरच्या काळातही भर पडली. साधारण पाचव्या-सहाव्या शतकात दर्शनी भागात आणि भिंतींवर बुद्धमूर्ती कोरल्या गेल्या. कमळावर बसलेले तथागत, खाली धम्मचक्र आणि हरणे, कमळाचा देठ धरलेले नाग. शाक्यभिक्षूंचे दानलेखही या काळातले आहेत. म्हणजे शिवमाच्या नातवंडांची नातवंडे गेली, महाभोज गेले, तरी तीनशे वर्षांनी कोणीतरी त्याच मंडपात येऊन दान देत होते. पहिल्या दानात बुद्धाची मूर्ती नव्हती, फक्त स्तूप होता. मूर्ती मागाहून आली. हा फरक मुलांना आवर्जून दाखवावा, एका जागी उभे राहून दोन्ही काळ दिसतात.

आमच्या बौद्धाचार्यांनी स्तूपासमोर त्रिसरण-पंचशील घेतले. मेणबत्ती-अगरबत्ती लावायची नाही असे आधीच ठरवले होते. काजळी धरते आणि जागाही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणातली. फुलेच वाहिली आणि निघताना तीही गोळा करून बरोबर घेतली. त्यानंतर शाळकरी मुलांना ब्राह्मीची पाच अक्षरे वहीत काढायला दिली होती, त्यांनी ती भिंतीवर शोधली. 'लेण' हा शब्द एका मुलीला सर्वांआधी सापडला. आपण आज बोलतो तोच शब्द, तेव्हाचाच. एका वर्षाकाठी तो कोणाच्या तोंडून गेला असेल आणि दुसऱ्या वर्षी कोणाच्या, पण गेला नाही कधीच.

ज्यांना जायचे असेल त्यांनी पावसाळा संपल्यावर, नोव्हेंबर ते फेब्रुवारीत जावे. रेल्वेने कोकण रेल्वेच्या इंदापूर किंवा माणगाव स्थानकावर उतरून पुढे तळ्याच्या बाजूने वाहन करावे लागते. खाण्याचे आणि पिण्याचे पाणी बरोबर असू द्यावे. विजेरी आणावी, कारण ६ व्या लेण्याच्या आतल्या स्तूपाच्या खोलीत अंधार असतो आणि लेख तिरप्या उजेडातच नीट दिसतात. वेळ असला तर परतताना महाडला जावे. आधी गांधारपाले, मग चवदार तळे.